अंगरख्याचं माप

रेडिओ केंद्राच्या तळघरात जुन्या रेकॉर्डींची खोली होती, आणि त्या खोलीच्या राखणदाराला सगळं केंद्र शंकोबा म्हणायचं. तोंडावर नाही, पाठीमागे. पण त्याला ते ठाऊक होतं, कारण पाठीमागे काय बोललं जातं याचा छडा लावल्याशिवाय त्याला चैनच पडत नसे.

माणूस मुळात असा नव्हता. सहा वर्षांपूर्वी एक गोडबोल्या गृहस्थ महिनाभर रोज रेकॉर्डी ऐकायला यायचा. येताना हसायचा, जाताना शंकोबाच्या दुखऱ्या गुडघ्याची चौकशी करायचा. महिन्याभरानं मोजदाद झाली तेव्हा कळलं, की अकरा उत्तम रेकॉर्डींच्या जागी त्याच गाण्यांच्या झिजलेल्या, ओरखडलेल्या रेकॉर्डी ठेवून तो पसार झाला होता. चौकशी शंकोबाची झाली. चोरीचा ठपका आला नाही, पण "हलगर्जी" हा शब्द त्याच्या कागदांत कायमचा जाऊन बसला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हा साधं पाणीही फुंकून पिऊ लागला. पुढचं दीड वर्ष खपून त्यानं प्रत्येक रेकॉर्डच्या लेबलाच्या कडेला सुईनं तीन बारीक टिंबं टोचली, भिंगाशिवाय दिसणार नाहीत अशी. बायको चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. भिंग तिच्याच दुकानातून मागून आणलेलं. कशाला हवंय, हे मात्र त्यानं तिलाही सांगितलं नव्हतं.

अशा माणसासमोर एका मंगळवारी ती बाई येऊन उभी राहिली. साठी केव्हाच ओलांडलेली, ताठ, खांद्याला भलीमोठी कापडी पिशवी.

"एका फ्रेंच संगीतकाराच्या रेकॉर्डी हव्यात," ती म्हणाली, आणि तिनं त्याचं नाव सांगितलं.

"त्याचे ऑपेरा आहेत की. कोणता काढू?"

"ऑपेरा मला पाठ आहेत. नाटकगृहाच्या शिवणखात्यात चौतीस वर्षं काढलीत. त्याच्या नायिका माझे कपडे घालूनच मेल्या सगळ्या. मला त्याचे ओरातोरिओ पाहिजेत. तीन आहेत म्हणे."

शंकोबाच्या मनात पाल चुकचुकली. ओरातोरिओ म्हणजे धर्मग्रंथातली गोष्ट, पण नुसती गायची. पडदा नाही, पोशाख नाही, अभिनय नाही. गाणारे हातात वही धरून रांगेत उभे. हा संगीतकार प्रसिद्ध होता तो प्रेमप्रकरणांच्या ऑपेरांसाठी. त्यानं देवाधर्माचं काही लिहिलंय हे खुद्द शंकोबाही विसरला होता. त्या तीन पेट्या वरच्या फळीवर होत्या आणि त्यांच्या कार्डावर सव्वीस वर्षांत एकही शिक्का नव्हता. जे कुणी मागत नाही ते मागणारा माणूस एक तर वेडा असतो नाहीतर जाणकार. आणि जाणकारांनी त्याला एकदा धडा शिकवला होता.

"पिशवी बाहेर ठेवावी लागेल," तो म्हणाला.

"का? नियम आहे?"

नियम नव्हता. "पद्धत आहे," तो म्हणाला.

"मग तुमची पद्धत तुमच्यापाशी," असं म्हणून ती पिशवीसकट ऐकायच्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं.

ऐकायची खोली म्हणजे कोपऱ्यातली काचेची चौकट. आत रेकॉर्ड लावायचं यंत्र, एक खुर्ची, एक टेबल. काचेतून तिची पाठ दिसायची, हात दिसायचे नाहीत. शंकोबा डोळ्यांत तेल घालून त्या पाठीकडे बघत बसला. पाठ हलली नाही. मधूनच ती वाकून काहीतरी लिहायची. दोन तासांनी तिनं पेटी परत केली, सही केली आणि गेली. त्यानं रेकॉर्डी मोजल्या. बरोबर होत्या. पण मोजणी बरोबर येते म्हणून रेकॉर्ड तीच असते असं नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

पुढच्या मंगळवारी ती पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही. तीच तीन नावं, तीच पिशवी.

मग त्यानं ठरवलं, की भिंग लागायलाच नको; ते हातात दिसलं की टिंबांचं गुपित फुटायचं. कानच कामाला लावायचा. प्रत्येक रेकॉर्डचे ओरखडे वेगळे असतात. कुठे टकटक होते, कुठे खरखरतं, कुठे सुई क्षणभर अडखळते, हे एकदा पाठ केलं की बदललेली रेकॉर्ड पहिल्याच बाजूला उघडी पडेल. तो सकाळी तासभर आधी येऊ लागला. एक वही काढली आणि पहिल्या पेटीपासून सुरुवात केली. 'पहिली बाजू: सुरुवातीला खरखर. बायका थडग्याकडे निघतात तिथे दोनदा टक. देवदूताच्या आधी एक बारीक ओरखडा.'

कुठल्या ठिकाणी काय वाजतं हे लिहायचं तर काय गायलं जातंय हेही कळायला हवं. म्हणून पेटीतली भाषांतराची पुस्तिका त्यानं समोर ठेवली. पहिल्या ओरातोरिओत पहाटे थडग्याकडे जाणाऱ्या बायका होत्या. दुसऱ्यात दुष्काळातली एक विधवा, जिच्या मडक्यातलं पीठ संपत नाही. तिसऱ्यात नवसानं झालेला मुलगा देवळात सोडून येणारी आई. ती दर वर्षी त्याच्यासाठी एक छोटा अंगरखा शिवते आणि घेऊन जाते.

पहिला आठवडा तो फक्त ओरखडे ऐकत होता. त्याला वाटलं होतं, अत्तर शिंपडल्यासारखं गुळमट काहीतरी असणार. ऑपेरावाल्यानं म्हातारपणी पुण्य गाठीला बांधलेलं. पण थडग्यापाशी पोचल्यावर त्या बायका ओरडत नव्हत्या, रडतही नव्हत्या. एकीनं विचारायचं, "धोंडा कोण सरकवणार?" दुसरीनं तेच, तिसरीनं तेच, दर वेळी एक सूर खाली. जड काम समोर दिसलं की घरातल्या बायका खालच्या आवाजात बोलतात ना, तसं. शंकोबानं सुई उचलून तो तुकडा पुन्हा लावला. ओरखडा नीट टिपला नव्हता, असं त्यानं स्वतःला सांगितलं. चौथ्यांदा लावला तेव्हा मात्र सांगायला काही उरलं नाही.

आणि सगळ्यात जास्त तो अडकला तिसऱ्या पेटीच्या चौथ्या बाजूवर. आई अंगरखा शिवते आहे. खालून व्हायोला, व्हायोलिनचे जाड आवाजाचे भाऊ, एकसारखे चालतात, टाक्यामागून टाका. ती गाते, की वर्षभर पाहिलं नाही, आता केवढा झाला असेल? आणि मध्येच थांबते. सगळं थांबतं. त्या शांततेत बरोबर एक टक वाजायची. ओरखड्याचीच, पण अशी नेमकी, की तिनं कात्रीनं दोरा कापला असं वाटावं. वहीत त्यानं लिहिलं: 'चौथी बाजू, आई थांबते तिथे एक टक. मोठी. फार छान.' मग 'फार छान' खोडलं. चौकशीच्या वहीत असले शब्द शोभत नाहीत.

घरी वेगळंच शिजत होतं. दोन खोल्यांचं घर, मुलगी शिकायला दुसऱ्या गावी. त्यामुळे नवऱ्याच्या वागण्यावर लक्ष ठेवायला बायकोला भरपूर सवड.

"तुम्ही हल्ली गुणगुणता," एका सकाळी ती म्हणाली.

"मी? छे."

"दाढी करताना. आणि तासभर आधी जाता. आणि मंगळवारी इस्त्रीचा शर्ट."

"योगायोग आहे गं."

"कोण आहे ती?"

"म्हातारी आहे एक," तो बोलून गेला, आणि बायकोच्या कपाळावर आठी चढलेली पाहून पुढे म्हणाला, "चोर आहे. बहुतेक."

"बहुतेक चोर आणि बहुतेक म्हातारी," बायको म्हणाली. "बरंय. चालू द्या."

दहाव्या मंगळवारी ती बाई गेल्यावर त्यानं नेहमीप्रमाणे तपासणीसाठी तिसरी पेटी उघडली. चौथी बाजू लावली. व्हायोला चालू झाले. आईनं विचारलं, केवढा झाला असेल? सगळं थांबलं. तो टकेची वाट बघत राहिला.

टक वाजली नाही.

त्यानं पुन्हा लावलं. नाही. नुसती शांतता. टिंबं तपासायचं भिंग घरी राहिलं होतं. सहा वर्षांपूर्वीचा सबंध महिना डोळ्यांपुढून गेला. तो जिन्यानं धावत वर गेला, गुडघा विसरून. बाई दरवाज्यापाशी छत्री उघडत होती.

"थांबा! ही पिशवी उघडा."

"काय?"

"रेकॉर्ड बदललीत तुम्ही. मला माहितीये. उघडा पिशवी!"

आवाजानं लोक जमले. विभागप्रमुख बाई खोलीतून बाहेर आल्या. वयानं त्याच्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या, पण हुशार. "लेबलावर केंद्राचा शिक्का आहे का?" त्यांनी विचारलं.

"शिक्के काय, कुणीही बनवतं," शंकोबा म्हणाला.

शिवणबाईनं कुणाकडेही न बघता बाकावर पिशवी उपडी केली. चष्म्याचं घर. मऊ कापडाची घडी. औषधाच्या दुकानात मिळतं तसल्या शुद्ध पाण्याची छोटी बाटली. अर्धवट शिवलेली बाही. सुयांची डबी, कात्री. बिस्किटांचा पुडा. रेकॉर्ड नव्हती. एक सुई घरंगळत फरशीवर गेली, ती तिनं वाकून स्वतःच उचलली, कुणी मदत करायच्या आत.

"झालं?" ती म्हणाली. "चौतीस वर्षं रेशमाचे तागे माझ्या ताब्यात होते. एक चिंधी घरी नेली नाही मी." सामान कसंबसं कोंबून ती निघून गेली.

विभागप्रमुख बाईंनी शंकोबाला बोल लावला नाही. नुसतं बघितलं. ते जास्त लागलं.

संध्याकाळी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. टिंबांचं, वहीचं, टकेचंही. तिनं भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं.

"म्हणजे आधी खराब होती, आता चांगली आहे?"

"हो."

"अहो, खराब माल पळवून चांगला ठेवून जाणारा चोर मी अजून पाहिला नाही. असला तर आपल्या दुकानात पाठवा."

तो भाजीचे देठ गोळा करू लागला. "ते पाणी आणि कापड," बायको म्हणाली, "आम्ही काच पुसायला तेच वापरतो. तुमच्या त्या टकेच्या जागी घाणीचा कण बसला असेल. पुसला तिनं."

दुसऱ्या दिवशी तो भिंग घेऊन गेला. लेबलाच्या कडेला तीन टिंबं होती. त्यानं स्वतःच्या हातानं टोचलेली, मधलं जरा तिरकं. रेकॉर्ड तीच होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. आणि त्या लाजेतही एक लाजिरवाणा विचार आलाच: नियमाप्रमाणे रेकॉर्ड पुसायचा अधिकार ऐकणाऱ्याला नाही.

वर दरवाज्यापाशी, पिशवी उपडी केली होती त्या बाकाखाली तिची वही सापडली. ती त्यानं उघडायला नको होती. उघडली. ओरखड्यांची नोंद एकही नव्हती. तिनं तिन्ही ओरातोरिओंचे तुकडे एकेका ओळीत लिहिले होते आणि पुढे फक्त एक शब्द. 'धोंडा कोण सरकवणार: खरं.' 'देवदूत: खोटं, झालरी फार.' 'विधवा पीठ मोजते: खरं.' 'शेवटचा जयघोष: खोटं, अस्तर नाही.' शंकोबा वाचत गेला. ती काही चोरायला येत नव्हती. तीही संशय घेऊनच येत होती, पण त्या संगीतकारावर! आयुष्यभर प्रेक्षकांना रडवायचा धंदा करणारा माणूस देवासमोर खरं बोलतोय का, हे ती कापड उलटं करून बघावं तसं बघत होती. आणि अंगरख्याच्या गाण्यापुढे लिहिलं होतं: 'खोटं.' खाली दोन रेघा.

खोटं? ते? त्याला लाज वाटायची थांबून रागच आला.

त्यानं लेखी चूक कबूल केली, विभागप्रमुख बाईंनी माफीचं पत्र दिलं, आणि सहीच्या रजिस्टरातला पत्ता घेऊन तो तिच्या घरी गेला. तिसरा मजला. दार साखळीइतकंच उघडलं. फटीत तिची भाची.

"मावशी, रेडिओवाला तो माणूस आलाय."

"कशाला? पिशव्या तपासायला?" आतून आवाज आला. मग बाई स्वतः फटीत आली. साखळी तशीच. त्यानं पत्र आत दिलं, वही दिली, माफी मागितली. शब्द अडखळले, पण मागितली.

"वही वाचलीत?"

खोटं बोलणं सोपं होतं. "वाचली," तो म्हणाला.

"मग आता तुमची पिशवी उघडा. इथेच, जिन्यात."

त्यानं उघडली. डबा, छत्री, भिंग, गुडघ्याचा पट्टा. आणि त्याची वही. तिनं फटीतून हात काढून ती मागितली आणि उभ्या उभ्या चाळली.

"हे काल बसून लिहिलंत? मला दाखवायला?"

"बाई, सात आठवड्यांचं आहे ते. तारखा बघा."

"तारखा काय, कुणीही घालतं," ती म्हणाली. हे वाक्य कुठून आलं ते त्याला बरोबर कळलं. तिनं एक पान उघडून धरलं. "इथे 'फार छान' खोडलंय. का?"

"ती टक... तिथे बसायची ती. दोरा तोडल्यासारखी."

"शिवणारी बाई दोरा दातानं तोडते. आवाज होत नाही. म्हणून तर काढली मी ती, इतके आठवडे कानात खुपत होती."

"आणि तरी खोटं लिहिलंत!" त्याचा आवाज चढला. भाचीनं दार थोडं लोटलं, पण तो थांबला नाही. "बाई, ती थांबते ना, माप आठवत नाही म्हणून थांबते. याहून खरं काय असतं?"

"थांबते ते खरं. पण नंतर तेच गाणं पुन्हा गाते, हुबेहूब. चार वर्षं, चार अंगरखे, एकच चाल. पोर वाढत नाही का? न शिवणाऱ्यानं लिहिलंय ते."

"हुबेहूब नाहीये," तो म्हणाला. खरं तर त्याला खात्री नव्हती.

बाईनं त्याची वही फटीतून परत दिली. मग म्हणाली, "येईन मी मंगळवारी. पण दार उघडं राहील आणि तुम्ही आत बसायचं, माझ्या समोर. पाठीला डोळे चिकटलेले मला चालत नाहीत."

हे घरी सांगितल्यावर बायकोनं मंगळवारी अर्धी रजा टाकली. "बघू तरी तुमची म्हातारी," ती म्हणाली.

खुर्ची एकच होती; दोन स्टुलं आणली. दोघी बायकांनी एकमेकींना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. शिवणबाईची नजर बायकोच्या ब्लाउजच्या बाहीवर थांबली, बायकोची तिच्या चष्म्याच्या काचेवर. "नंबर बदललाय तुमचा," बायको म्हणाली. "बाही चुकीची बसलीये तुमची," शिवणबाई म्हणाली. एवढी ओळख झाल्यावर शंकोबानं सुई टेकवली.

पहिलं वर्ष. आई गायली, थांबली. टक नव्हती. शांतता इतकी स्वच्छ होती, की वरच्या मजल्यावरची खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. त्याला अजून टकेची सवय होती; तिच्या जागी कान रिकामाच राहिला. मग दुसरं वर्ष. तिसरं. शिवणबाई मान हलवत होती: तेच, तेच.

"एक विचारू?" बायको मध्येच म्हणाली. "मला गाण्यातलं काही कळत नाही. पण ही बाई दर वेळी शेवटी जरा जास्त गाते ना?"

"काय?"

"शेवटचा शब्द. पहिल्यांदा लगेच संपला. आता लांबवला. मुलीचे झगे शिवताना मी खाली दुमड ठेवायचे, वाढली की उसवायला. तसं वाटलं."

शंकोबानं सुई उचलली आणि पहिल्या वर्षापाशी टेकवली. तिघांनी बोटांवर मोजलं. मग दुसरं. एक ठोका जास्त. तिसरं. आणखी एक. चौथ्या वर्षी तो शब्द इतका लांबला होता, की गाणारीचा श्वास संपत आल्याचं ऐकू येत होतं. खाली व्हायोलांनीही तेवढेच टाके वाढवले होते. चाल तीच होती. अंगरखा मोठा होत होता.

सात आठवडे ओरखडे मोजणाऱ्यानं हे ऐकलं नव्हतं, आणि चौतीस वर्षं शिवणारीनंही नाही. शिवणबाईचे हात मांडीवर उलटे पडले होते. तिनं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"दुमड ठेवलीय," ती हळूच म्हणाली. "ठेवलीय की हो त्यानं."

तिनं वही उघडली. 'खोटं' खोडलं नाही. त्याच्यापुढे बारीक अक्षरात लिहिलं, 'पुन्हा ऐकणे.' शंकोबानं मान लांब करून ते वाचलं आणि त्याला वाटलं, हे मनापासून आहे की माझ्या बायकोसमोर मोठेपणा दाखवतेय? मग तो स्वतःवरच चिडला आणि पाचवी बाजू लावायला उठला.

परतताना बसमध्ये बायको खिडकीशी बसली. उतरायच्या आधी म्हणाली, "पुढच्या मंगळवारीही रजा मिळेल मला. ती पीठवाली विधवा राहिलीय ना ऐकायची."

"गाण्यासाठी येतेस की लक्ष ठेवायला?"

"गाण्यासाठीच," ती म्हणाली.

त्याला ते काही पुरतं पटलं नाही.